वीतभर रुंद, दोन हात उंच

ती माझी पाठची बहीण. सख्खी. आमच्यात वयाचं अंतर सहा वर्षांचं आणि अकलेचं साठ वर्षांचं, तेही तिच्या बाजूने. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण मी सातवी शिकलेला माणूस. लोखंडाची फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्या करतो, लिहिणं हा माझा धंदा नाही. खरं तर हे तिनेच लिहायला हवं होतं. पण ती स्वतःबद्दल एक ओळ लिहिणार नाही. लिहिली तर पाच वेळा तपासेल आणि सहाव्या वेळी खोडून टाकेल.

ती प्रूफं वाचायची. पुस्तक छापून बाहेर पडायच्या आधी त्यातल्या चुका शोधून काढायच्या, हे तिचं काम. बावीस वर्षं केलं. छापखान्यात तिला सगळे पाठीमागे चाळणबाई म्हणत. तिला ते माहीत होतं आणि आवडायचंही, पण चेहऱ्यावर दाखवेल तर शपथ.

तिला तिथे चिकटवलं मी. म्हणजे मी काही केलं नाही, पण फाटक माझं होतं. छापखान्याचं फाटक मी केलेलं आहे, आजही जाऊन बघा, एक सांधा हललेला नाही. ते बसवत होतो तेव्हा ही माझा जेवणाचा डबा घेऊन आली. एकोणीस वर्षांची, दोन वेण्या, पायात माझ्याच जुन्या चपला. मालक टेबलावर पान पसरून बसले होते आणि ही त्यांच्या समोर उभी, म्हणजे पान तिला उलटं. डबा ठेवता ठेवता म्हणाली, "तिसरी ओळ दोनदा आलीय."

मालक म्हणाले, "कुठे?" बघतात तर खरंच आलेली.

"तू उलटं वाचतेस?"

"सुलटं असतं तर आत येतानाच सांगितलं असतं."

दुसऱ्या दिवसापासून ती कामावर. मी फाटकाला शेवटचा रंग द्यायच्या आधी तिचं टेबल लागलं होतं.

तिची वाचायची एक तऱ्हा होती. गोष्टीबिष्टीचं पान असलं तर गुपचूप वाचायची. पण आकड्यांचा तक्ता आला की खालून वर वाचायची आणि एकेक आकडा तोंडाने म्हणायची. "शून्य, टिंब, पाच. एक, टिंब, दोन, पाच." पुढे छापखान्याने कागदावरची प्रूफं बंद करून कॉम्प्युटरवर पाठवायला सुरुवात केली आणि ती घरूनच काम करायला लागली, तेव्हापासून आमच्या घरात दुपारभर हे टिंब चालायचं. माझी बायको म्हणायची, "वन्सं, माझ्या स्वप्नातसुद्धा टिंब यायला लागलंय."

मी एकदा विचारलं, "सरळ वरून खाली का वाचत नाहीस चारचौघींसारखं?"

"अर्थ फसवतो, दादा. अर्थ कळला की डोळा पुढे पळतो. उलटं वाचलं की अर्थ लागत नाही, मग डोळा थांबतो."

आता हे असलं वाक्य मला सात जन्मांत सुचलं असतं का? मी ते दहा जणांना सांगितलं. आपलंच आहे असं म्हणून नाही. तिचं म्हणून.

तिचं लग्न झालं नाही. एक मुलगा होता, बँकेत कारकून, स्वभावाने चांगला. त्याने तिला पत्र लिहिलं. हिने ते लाल पेनाने तपासून परत पाठवलं. मी डोकं धरून बसलो. म्हणाली, "सात चुका होत्या, दादा. एक तर माझ्याच नावात."

"अगं, पण भाव बघायचा ना माणसाचा!"

"भावाला मी हात लावला नाही. तो तसाच ठेवला."

तो पुन्हा आला नाही. तीही त्याच्याबद्दल पुन्हा बोलली नाही. पण ते पत्र पाठवायच्या आधी तिने त्याची प्रत काढून ठेवली होती, हे मला माझ्या बायकोने सांगितलं.

तर अशी बहीण असल्यावर माणसाने गप्प बसायचं कसं? मी नाही बसलो. चहाच्या टपरीवर, गिऱ्हाइकाच्या दारात, न्हाव्याच्या खुर्चीत, जिथे तोंड उघडायची सोय तिथे मी तिचं सांगायचो. "माझ्या बहिणीच्या नजरेतून मुंगी सुटणार नाही. डॉक्टरांची पुस्तकं ती तपासते, डॉक्टरांची! ते चुकतात, ती चुकत नाही." ती म्हणायची, "दादा, पुरे." मला वाटायचं, मोठी माणसं अशीच लाजतात.

गेल्या दीडदोन वर्षांत ती जरा वेंधळी झाली होती. दाराच्या चौकटीला खांदा आपटायची. जेवताना बाजूचा पेला कोपराने सांडायची. रस्त्यात बाजूने ओळखीचं कुणी आलं तर बघायचीच नाही. लोक म्हणायला लागले, बाईंना शिंगं फुटली. मी जेवताना सगळ्यांसमोर थट्टा करायचो, "हिला अर्ध्या कोसावरचं टिंब दिसतं, पण पुढ्यातला खांब दिसत नाही!" सगळे हसायचे. तीही हसायची. 

मग तिचा जुना मॉनिटर एके दिवशी बंद पडला. चौकोनी, ठोकळ्यासारखा, जुन्या काळचा. मी म्हटलं, चला, इडा पीडा टळली! आता अशी वस्तू आणू की छापखान्याच्या मालकाचे डोळे पांढरे होतील.

दुकानात भिंतभर मॉनिटर लावलेले, सगळ्यांवर एकच समुद्र हलत होता. मी दुकानदाराला म्हटलं, "सगळ्यात मोठा दाखवा." त्याने दाखवला. दोन्ही हात पसरले तरी पुरणार नाही एवढा लांब, आणि वर धनुष्यासारखा वाकलेला.

"यावर चार पानं शेजारी शेजारी दिसतात," दुकानदार म्हणाला.

"चार! ऐकलंस का गं?"

बघतो तर ही बाजूला नाही. ती पार कोपऱ्यात, दाराशी. तिथे एक उंच, अरुंद पट्टी उभी होती, वीतभर रुंद आणि दोन हात उंच, आणि तिच्यावर बुटांची जाहिरात वरून खाली सरकत होती. हिने त्या पट्टीच्या दोन्ही कडा दोन हातांनी धरल्या होत्या. लहान पोराचे गाल धरावेत तशा.

"दादा, मला हा."

दुकानदार हसला. "ताई, तो जाहिरातीचा आहे. लिफ्टच्या शेजारी लावतात. कामाला कुणी घेत नाही."

"पान बसतं ना?"

"पान काय, तीन बसतील, एकाखाली एक. पण रोज आठ तास त्याच्यासमोर बसणार कोण?"

"मी."

मला तर घामच फुटला. "अगं, लोक काय म्हणतील? भावाने बहिणीला दुकानाची पाटी आणून दिली?"

"लोक येणारेत का माझं टेबल बघायला?"

"येणारेत! मी आणणार आहे!"

तिने माझ्याकडे बघितलं. मग त्या पट्टीकडे. मग हात काढून घेतले. "बरं. तुझ्या मनासारखं होऊ दे."

तेव्हाच माझी ट्यूब पेटायला हवी होती. एक्केचाळीस वर्षांत तिने माझं म्हणणं एवढ्या लवकर कधी ऐकलं नव्हतं.

तो धनुष्याकृती मॉनिटर घरी आला. टेबलावर मावेना, म्हणून मी टेबलाला लोखंडी जोड दिला. आळीतल्या दहाबारा जणांना चहाला बोलावलं. माझ्या बायकोने दोनदा त्याची धूळ पुसली. आणि हिने दुसऱ्या दिवसापासून खोलीचं दार लावून घ्यायला सुरुवात केली. म्हणाली, "आवाज होतो."

दीड महिना गेला. टिंबाचा आवाज हळू झाला, मग आणखी हळू. दिवसाला चाळीस पानं काढणारी बाई बाराचौदावर आली. मालकांचे फोन यायला लागले. मी विचारलं तर म्हणाली, "अवघड पुस्तक आहे." मी म्हटलं, "असणारच! सोपं ते तुला देतील कशाला?"

आणि मग तो दिवस आला. एका बंगलेवाल्याने माझ्याकडे फाटक सांगितलं होतं. माप घेऊन झालं, बोलता बोलता माझी गाडी नेहमीच्या रुळावर गेली. "चला, आमच्या बहिणीचा मॉनिटर बघून जा, असा तुमच्या ऑफिसात नसेल." त्याला घेऊन घरी आलो. ही स्वयंपाकघरात होती. मी ऐटीत तिच्या खोलीचं दार ढकललं.

मॉनिटरवर दोन्ही बाजूंनी काळा जाड कागद चिकटवलेला. चिकटपट्टी लावून, नीट, सरळ रेषेत. मधे फक्त वीतभर फट उघडी आणि त्या फटीत एक पान.

बंगलेवाला म्हणाला, "हे काय? सुतक आहे का कुणाचं?"

माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं. त्याला कसाबसा वाटेला लावला आणि परत येऊन मी जे तोंड सोडलं ते सोडलं. "माझी आवड एवढी कडू लागली तुला? तोंडावर नको म्हणायचं होतंस! एवढ्या हौसेने आणलेल्या वस्तूला काळं फासलंस!"

ती ओट्याला टेकून उभी होती. माझं संपेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "दादा, तुझा वेल्डिंगचा मास्क घाल."

"विषय काय आणि तू बोलतेस काय!"

"घाल ना. आणि त्या एवढ्याशा काचेतून बघतोस तसं या घरात एक फेरी मार. पेले, चौकट, माणसं. मला तसं दिसतं."

मला काही समजलं नाही. म्हणजे कानांना समजलं, पुढे गेलं नाही.

"कडेची नजर जातेय. दोन वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले, हळूहळू आत येत जाईल. औषध नाही. तुझ्यात आणि माझ्यात फरक एवढाच की तू संध्याकाळी मास्क वर करतोस. मला करता येत नाही."

माझ्या बायकोने हातातलं भांडं खाली ठेवलं.

"दोन वर्षं?" मी म्हटलं. "आणि मला आज सांगतेस? मी काय परका?"

"कशी सांगणार? तू चार माणसांत माझे डोळे सांगत फिरतोस. न्हाव्यालासुद्धा माहीत आहेत माझे डोळे. तुझ्या तोंडातून ते काढून कसे घेऊ?"

मी खाली बसलो. लोखंड तापलं की लाल होतं, मग पांढरं होतं, आणि मग एकदम बसतं. तसा बसलो.

नंतर तिनेच शांतपणे सांगितलं. मोठ्या मॉनिटरवर पान कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते तिला कळायचं नाही. एक तुकडा वाचला की वाटायचं, झालं, आणि पुढचा शब्द कडेला तसाच राहायचा. "दिसत नाही याचं काही नाही रे. पण जे दिसत नाही ते दिसत नाहीये, हेही दिसत नाही. तिथे काळं नसतं, भोक नसतं. काहीच नसतं." त्या पट्टीच्या दोन्ही कडा हातात येत होत्या. डावा हात डाव्या कडेला, उजवा उजव्या. दोन हातांच्या मधे जेवढं आहे तेवढं वाचलं की पान पूर्ण. म्हणून तो हवा होता.

मी त्याच पावली दुकानात गेलो. त्या मोठ्या मॉनिटरचं पुढे काय झालं ते विचारू नका. पट्टी घेऊन आलो. तिला उभं करायला बैठक मिळत नव्हती, म्हणून ती मी केली. दुसऱ्या दिवशी सकाळभर खपून, पाच किलोची, कडा घासून गुळगुळीत. भूकंपात घर पडेल, पट्टी पडणार नाही. दुपारी जोडून दिली.

ती समोर बसली. दोन्ही हात कडांवर ठेवले. पान वर आलं. तिचे खांदे खाली आले. दीड महिना ते कानांपर्यंत चढलेले होते, हे मला ते उतरल्यावर कळलं. आणि मग खणखणीत आवाज सुरू झाला. शून्य, टिंब, पाच. माझी बायको दाराआड डोळे पुसत होती. मी तिला म्हटलं, "रडतेस काय? बघ, गाडी धावायला लागली!" तासाभरात तिने आठ पानं काढली. मी मनात हिशेब करून टाकला: आता काय, अशी आणखी वीस वर्षं.

चहाच्या वेळी आवाज पुटपुटण्याएवढा झाला आणि दिवेलागणीला थांबला. मला वाटलं, दमली असेल. आत गेलो तर पट्टीवर वेगळंच पान होतं. गेल्या वर्षीचं. नर्सिंग शिकणाऱ्या मुलींसाठी छापखान्याने एक जाडजूड पुस्तक काढलं होतं, औषधं किती द्यायची त्याचे तक्ते असलेलं. त्याचं शेवटचं वाचन हिचं होतं. ते छापून, बांधून, कॉलेजांत जाऊन वर्ष झालं होतं.

"हे कशाला काढलंस?"

"उजवीकडचे रकाने," ती म्हणाली. तिच्या पुढ्यात एक कागद होता आणि त्यावर पानांचे नंबर. "तेव्हा जुन्या मॉनिटरवर वाचले होते. वाटलं, आता नीट दिसतंय तर एकदा बघावं. अकरा चुका आहेत, दादा. अकराही उजव्या कडेला. त्यातल्या चार चुका आकड्यांतल्या. एका ठिकाणी टिंबच नाही. अर्ध्याच्या जागी पाच छापलंय."

मी दार लावलं. खरं ते सांगतो, लपवत नाही: मी आधी दार लावलं. मग म्हटलं, "कुणाला माहीत आहे?"

"मला."

"मग झालं तर. वर्ष गेलं, कुणी बोललं का? एवढ्याशा टिंबाने काय होतंय? बावीस वर्षांची अब्रू आहे तुझी. तू गप्प बस, मी गप्प बसतो. कुणाच्या बापाला कळणार नाही."

"मला माहीत आहे तू गप्प बसशील. आयुष्यात पहिल्यांदा." ती थोडी हसली. मग म्हणाली, "नर्सला कळणार नाही, दादा. तिच्या पेशंटला कळेल."

मी घराण्याची अब्रू सांगत होतो आणि ती कुणाच्या तरी आजारी पोराबद्दल बोलत होती.

"बरं, सांग मालकांना," मी म्हटलं. "पण आता ही पट्टी आली ना. इथून पुढे चूक होणार नाही."

"आज नाही होणार. आज पट्टी दिसते. सहा महिन्यांनी पट्टीचीही कड जाईल, आणि गेली हे मला कळणार नाही. मागच्या वेळीही कळलं नव्हतं."

तिने पट्टी बंद केली. त्या रात्री आम्ही तिघंही जेवायला बसलो आणि तिघंही तसेच उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आम्ही छापखान्यात गेलो. मालकांनी कागद हातात घेतला, वाचला, चष्मा काढला, पुन्हा वाचला. त्यांचे केस आता पांढरे झालेत. म्हणाले, "हे तू स्वतः शोधलंस?"

"हो. चुका माझ्याच आहेत. माझे डोळे गेलेत, मालक, कडेचे. आधीच सांगायला हवं होतं. पुस्तक कुठे कुठे गेलंय त्याची यादी करा आणि आजच शुद्धिपत्र पाठवा. आधी फोन करा, मग कागद."

मालकांनी आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. त्यांनी पोरांना कॉलेजांना फोन करायला बसवलं आणि तिथल्या तिथे शुद्धिपत्र जुळवायला सांगितलं. अर्ध्या तासात त्याचं प्रूफ निघालं, कागदावर, तळहाताएवढं.

ती म्हणाली, "हे मी वाचू का?"

मालकांनी आधी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी तो कागद तिच्यापुढे सरकवला.

तिने दोन्ही बाजूंना दोन बोटं ठेवली आणि वाचायला लागली. तळहाताएवढ्या कागदाला तिने वीस मिनिटं घेतली. सगळा छापखाना कामात असल्यासारखं दाखवत होता, पण काम कुणी करत नव्हतं. मग तिने लाल पेन मागितलं. "पान दोनशे चौदा नाही. दोनशे एक्केचाळीस." खूण केली, खाली सही केली, तारीख घातली.

मग तिने पिशवीतून नव्या पुस्तकाचा पेनड्राइव्ह आणि टिपणांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. "हे दुसऱ्या कुणाला द्या."

मला वाटलं होतं, मालक म्हणतील, नको, तूच कर, थोडं थोडं कर. बावीस वर्षं इथे काढलेली बाई आहे. ते तसं म्हणाले नाहीत. त्यांनी गठ्ठा हळूच आपल्या बाजूला ओढून घेतला आणि तिच्यासाठी चहा मागवला. तिने तो प्यायला, सगळा.

आम्ही बाहेर आलो. जिन्याच्या तोंडाशी ती थांबली. घरून काम सुरू होईपर्यंत हा जिना ती पळत उतरलेली मी पाहिलीय. तिने माझा हात चाचपला, कोपराजवळ धरला.

"पायऱ्या किती आहेत रे, दादा?"

मला माहीत नव्हतं. मी उतरता उतरता मोजायला लागलो, मोठ्याने, तिला ऐकू जाईल असं.